किसनरावांच्या गाडीतला माईक

गाडीत साऊंड बसवायला आलेलं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतानाच विचारतं, "सगळ्यात भारी कोणता?" याला उत्तर नाही. मी उलट विचारायचो, "ऐकता काय? आणि गाडीत बसतं कोण?" बहुतेकांना हे प्रश्न फाजील वाटत. माल दाखवायचं सोडून हा चौकशा काय करतोय, असा चेहरा होई. पण डॉक्टर गोळी लिहिण्याआधी पोट दाबून बघतो, तसंच ते आहे. दिवसभर फोनवर बोलत फिरणाऱ्याला दारातले दोन बरे स्पीकर पुरतात. ज्याला गाण्यातला तबला वेगळा आणि गाणारा वेगळा ऐकायचाय, त्याच्यासाठी निराळी मांडणी लागते. आणि ज्याला फक्त चौकातल्या लोकांनी मान वळवायला हवी असते, त्याला काहीही चालतं.

जालन्यात अंबड रस्त्याला माझं दुकान आहे. आता पुतण्या बघतो. मी दुपारी जाऊन बसतो आणि नको तिथं तोंड घालतो. या धंद्यात चमत्कारिक माणसं फार भेटली. प्लॉटिंगचा व्यवसाय करणाऱ्या एका तरुणानं मला अटच घातली होती, "गाणं लागलं की मागची नंबरप्लेट हालली पायजे." हलवून दिली. आठ दिवसांनी तो तक्रार घेऊन आला की मागून कसला तरी खडखड आवाज येतोय. अंबडचे एक वकील होते. त्यांचा फोन ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये म्हणून पुढच्या सीटला कायम गाणं चालू राहील आणि मागं शांतता राहील, अशी सोय त्यांना हवी होती. तीही बऱ्यापैकी करून दिली.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाडीसोबत दारात जे स्पीकर येतात ते बहुधा हलके असतात, आणि दाराचा पत्रा पोकळ डब्यासारखा वाजतो. त्याला आतून डांबरासारखी जाड शीट चिकटवली की अर्धा दोष तिथंच जातो. बारीक, धारदार आवाज काढायला बोराएवढा ट्विटर असतो. तो कानाच्या जवळ, आरशापाशी बसवतात. ढोलाचा, ठोक्याचा जाड आवाज काढतो तो वूफर. त्याचा डबा डिक्कीत. या सगळ्यांना ताकद पुरवतो अँप्लिफायर. त्याची तार थेट बॅटरीवरून आणायची आणि मध्ये फ्यूज टाकायचा. फ्यूज न टाकता तार ओढणारे मिस्त्री गावात आहेत. गाडी पेटली की ते बॅटरीला नावं ठेवतात.

एवढं कळलं की किसनरावांची हकिगत कळायला अडचण नाही.

किसनराव बदनापूरच्या बाजूच्या एका खेड्यातले. बाप मेंढरं राखायचा. हे मात्र पोरवयातच एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये लागले आणि तिथंच म्हातारे झाले. तापून लाल झालेली सळई यंत्रातून सुटते तिथं त्यांची जागा होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि ती घेऊन पहिल्यांदा कुठं आले असतील तर माझ्या दुकानात. सोबत त्यांची बायको गयाबाई, मागच्या सीटवर, पदर कानावरून घट्ट घेऊन.

"मिस्त्री, गाणं साफ ऐकू येत न्हाई," किसनराव म्हणाले. ते बोलायचे इतकं मोठ्यानं की शेजारचा टायरवाला बघायला आला. "वाजतंय बराबर. पण शबुद समजत न्हाई."

मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. ऐकता काय? तर जुनी गाणी, भजनं. गाडीत कोण बसतं? "मी आन् ही. दुसरं कोण हाय? पोरगी नांदती, पोरगा पुण्याला."

गाडीतले स्पीकर खरंच सुमार होते. मी ते बदलून चांगले टाकले, दाराला शीट मारली, ट्विटर लावले. गाणं लावून बघितलं. मला स्वच्छ वाटलं. माझ्याबरोबर वायरिंगचं काम करणारे सलीमभाई कानाला फार पक्के. त्यांनाही स्वच्छ वाटलं. किसनराव म्हणाले, "हां, ठीक हाय," आणि गेले.

थोड्या दिवसांत परत हजर. शब्द समजत नाहीत. मंग अँप्लिफायर टाका म्हणाले. मी म्हणालो, एवढ्या छोट्या गाडीला गरज नाही. ते ऐकेनात. अँप्लिफायर बसला. आवाज वाढला, तक्रार तीच. नंतर कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की वूफरशिवाय गाण्यात जीव येत नाही. डिक्कीत वूफर बसला. ठोका सुरू झाला तसा किसनरावांनी सीटवर तळहात टेकवला आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "आलं! हे आलं!" ते म्हणाले. मागं गयाबाई डोळे मिटून बसल्या होत्या, बसच्या लांबच्या प्रवासात बाया बसतात तशा.

पण शब्द काही आले नाहीत. चौथ्या खेपेला ते आले तेव्हा चिडलेले होते. "तुमच्याकडं जमत न्हाई म्हणा ना सरळ."

एखादा स्पीकर फाटलाय का हे बघायला आम्ही एक आवाज वाजवतो. म्हशीच्या हुंकारासारखा खाली सुरू होतो आणि एकसारखा चढत चढत शेवटी डासाच्या गुणगुणण्यापेक्षा बारीक होतो. कुठं खरखरला तर दोष तिथं. मी तो लावला. किसनराव ड्रायव्हरच्या सीटवर, गयाबाई मागं, मी आणि सलीमभाई उघड्या दारापाशी. आवाज चढत गेला. शिट्टीच्या पट्टीत आला तशी गयाबाईंनी कानावर हात घेतले. सलीमभाईंनी तोंड वाकडं केलं. आणि किसनराव माझ्याकडे वळून म्हणाले, "बंद कामून केलं?"

आवाज तेव्हा ऐन भरात होता. सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. आवाज आणखी चढला आणि मला वाटलं संपला. पण गयाबाईंचे हात अजून कानावरच होते. म्हणजे पुढचं मलाही ऐकू येत नव्हतं. आयुष्यभर लोकांच्या वूफरशेजारी डोकं घालून काम केलं, त्याचा हा हिशेब. पण त्या वेळी माझा विषय नव्हता.

मिलमधल्या माणसाच्या कानाचं काय होतं ते जालन्यात राहणाऱ्याला नव्यानं सांगायला नको. पण तो ठार बहिरा होत नाही, म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही. जाड आवाज राहतात, बारीक जातात. 'आ', 'ओ' ऐकू येतं. 'स', 'श', 'च', 'त' गळून पडतात. 'साखर' म्हणा की 'भाकर', त्याला दोन्ही 'आअर'. बाप्या माणसाचं बोलणं थोडंफार लागतं. बाईचा आवाज आधीच बारीक, तो पार विरून जातो. असा माणूस समोरच्याचा चेहरा बघून 'हां' किंवा 'हूं' म्हणायला शिकतो, आणि बरीच वर्षं त्याचं निभतं.

सलीमभाई गयाबाईंना पाणी द्यायच्या निमित्तानं आत घेऊन गेले. मी किसनरावांशेजारी बसलो आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन सांगितलं, "किसनराव, स्पीकरमधी खराबी न्हाई. एकदा कान दाखवून घ्या."

त्यांना ते बराबर ऐकू आलं. "मी बहिरा हाय म्हणता का?"

"तसं न्हाई. मिलमधी—"

"मिलमधी मी एका इशाऱ्यावर काम केलंय. बोटं शाबूत हायेत बघा सगळी." त्यांनी दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरले. "घरात हीच बोलत न्हाई तर मी काय करू? दिवसभर ओठावर ओठ. लग्न झालं तंव्हा या माळावरनं त्या माळावर हाक मारायची ही. आता मी घरी बसलो तर बोलायची बंद झाली. म्हून तर गाणं लावायला निघालो. घरात कायतरी आवाज पायजे का न्हाई माणसाला?"

त्यांनी गयाबाईंना हाक मारली, गाडी काढली आणि गेले. सलीमभाई म्हणाले, "गया गिऱ्हाईक." मलाही तसंच वाटलं.

काही दिवसांनी दुपारच्या वेळी गयाबाई एकट्याच दुकानात आल्या. बदनापूरहून एसटीनं आल्या होत्या. हातात पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या चपला. स्टुलावर बसायला सांगितलं तरी उभ्याच राहिल्या.

"भाऊ, तुमी आमच्या मालकाला काय म्हणलात? त्या दिवसापासून गाडीत जाऊन बसत्यात एकटेच. जेवायला हाक मारली तरी येईनात."

मला वाटलं, आता आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. मी सांगितलं, "वहिनी, त्यांना तुमची हाक ऐकू येत नसंल."

"असं कसं? मी तर दारातूनच मारती."

"दारातली न्हाई येणार. शेजारी बसून बोललात तरी निम्मं जातं असंल. मिलच्या आवाजानं त्यांचे कान कमी झालेत. तुमचा आवाज तर बिलकुल पोचत नसंल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "कवापासून?"

"ते मी कसं सांगणार? एकदम होत न्हाई हे. पाच-सात वर्षं तरी असंल."

तेव्हा मात्र त्या स्टुलावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. "मंग मी त्याह्यला म्हणलेलं..." एवढं बोलून थांबल्या. सलीमभाईंनी चहा मागवला. चहा निवून साय धरली तरी त्यांनी हात लावला नाही. मला वाटलं रडतील, रडल्या नाहीत. डोक्यात कसली तरी जुळवाजुळव चालली होती. एकेक दिवस काढून बघावा आणि परत ठेवावा, तसं.

मग एकदम म्हणाल्या, "सप्त्यात महाराजाच्या गळ्याला माईक असतंय बघा, बारीक. तसलं गाडीत बसंल का? मी बोललेलं त्या डब्यातून निघंल असं?"

मी इतकी वर्षं या धंद्यात, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिल्यांदा मी नाहीच म्हणालो. बंद गाडीत माईक आणि स्पीकर हाताच्या अंतरावर आले की कुई होते; माईकचा आवाज स्पीकरमधून निघतो, तोच परत माईकमध्ये शिरतो आणि गाडी कुकरसारखी शिट्टी मारते. मी तसं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमी करून तर बघा. त्याह्यला मी घेऊन येती."

"पण ते दुकानात पाऊल टाकतील का?"

"ट्विटर का काय त्ये, कंपनीनं बदलून द्यायचं हाय म्हणून फोन करा तुमी. फुकट म्हणलं की येत्यात."

आले. तोंड फुगवून आले, पण आले.

सलीमभाईंनी भजनी मंडळाच्या जुन्या सेटमधला तळहाताएवढा, आवाज कमी-जास्त करायचा मिक्सर आणून ठेवला होता. काम तसं सोपं नव्हतं. पहिल्यांदा खरोखरच गाडीनं अशी कुई मारली की रस्त्यावरचं कुत्रं भुंकलं. मग आम्ही माईकचा आवाज सगळ्या स्पीकरला न देता फक्त उजव्या दाराच्या स्पीकरला आणि ड्रायव्हरच्या कानाजवळच्या ट्विटरला दिला. वूफरकडे माईकचा आवाज जाऊच दिला नाही. जाड आवाज उतरवले आणि जिथं किसनरावांचा कान कमी पडत होता त्या पट्टीत आवाज चढवला. आमच्या कानाला तो पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा लागत होता. पण गाडी आमच्यासाठी नव्हतीच. माईक गयाबाईंच्या पदराला, हनुवटीच्या खाली लावला. त्यांना या वेळी पुढं, डाव्या सीटवर बसवलं. तशा त्या कधी पुढं बसत नसत. मी मागच्या सीटवर मिक्सर मांडीवर घेऊन. काचा बंद.

"वहिनी, काहीतरी बोला," मी म्हणालो.

लोकांना माईक दिला की 'हॅलो, हॅलो, वन, टू' म्हणतात. गयाबाई समोर काचेतून बघत होत्या. रस्त्यावरून बियाण्यांच्या पोत्यांनी भरलेला एक टेंपो गेला. तो जाईपर्यंत त्या थांबल्या.

"सुभद्रीला भेटाया न्या म्हणलं होतं मी तुमाला."

किसनरावांनी झटक्यात उजवीकडे पाहिलं. आवाज तिकडून, दारातून आला होता ना. मग सावकाश डावीकडे वळले.

"काय म्हणली?"

"सुभद्री. माझी बहीण. अंबडला दवाखान्यात होती तंव्हा. दोन-तीनदा म्हणलं तुमाला. तुमी हूं म्हणलात आन् मिलवर गेलात. मंग ती गेली."

मी मागं बसलो होतो. उतरावं तर मिक्सर मांडीवरून काढायला हवा, त्याची खुंटी जराशी सरकली की कुई होणार. म्हणून बसून राहिलो, मिक्सरच्या खुंट्यांकडे बघत.

किसनराव पहिल्यांदाच हळू बोलले. इतके हळू की त्यांचं त्यांना तरी ऐकू आलं का कोण जाणे. "मला न्हाई आलं ऐकू, गया."

"ते मला आता कळलं."

"मंग परत कामून न्हाई म्हणली? जोरात कामून न्हाई म्हणली?"

"मला काय ठावं? मला वाटलं तुमाला जायचंच न्हाई. माहेरच्या माणसापायी कशाला खर्च, असं वाटलं असंल तुमाला. तवापासून मी काय मागितलं तुमाला? सांगा बरं."

किसनरावांनी आठवून बघितलं. ते खरंच आठवत होते, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाले, "काय बी न्हाई."

"काय बी न्हाई," गयाबाई म्हणाल्या, आणि दारातल्या स्पीकरमधून ते दुसऱ्यांदा निघाल्यासारखं वाटलं.

मला घाम आला होता. बंद गाडी, उन्हाची वेळ. शेवटी किसनराव माझ्याकडे न वळताच म्हणाले, "मिस्त्री, हे असंच ऱ्हाऊ द्या. कायबी बदलू नका."

मी उतरलो. मजुरीचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. गाडी वळवून ते बदनापूरच्या दिशेला न जाता अंबडच्या रस्त्याला लागले. सलीमभाई म्हणाले, "रास्ता चुकले." मी म्हणालो, नाही.

पुढं गयाबाईंकडूनच कळलं की सुभद्राचा नवरा आणि मुलगी अंबडलाच राहतात, त्यांच्या घरी गेले होते. किसनराव त्या साडूसमोर बसले आणि म्हणाले, मला ऐकू आलं नव्हतं. त्या माणसाला काही उलगडा होईना. तो म्हणाला, "काय ऐकू आलं न्हाई?" मग गयाबाईंना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. साडूनं एवढंच विचारलं की चहा घेणार का. सुभद्राची मुलगी मात्र मावशीशेजारी बराच वेळ बसून राहिली. तिच्या आईनं अखेरच्या दिवसांत दोनदा विचारलं होतं, गया आली का. गयाबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज हलला नाही. पण हे गेलेलं काही परत येणार नव्हतं, आणि माझ्या धंद्यात त्याला इलाज नव्हता.

कान दाखवायला मात्र किसनराव आपणहून संभाजीनगरला गेले. कानामागं बसतं ते मशीन घेतलं. त्यानंतर एकदा मीही कान तपासून घेतले. डॉक्टरांनी धंदा विचारला, मी सांगितला, आणि त्यांनी मान हलवली. तेव्हापासून दुकानात मी कानात बोळे घालून काम करतो. पुतण्यालाही सांगतो, तो बोळे खिशात ठेवतो. वूफर मागायला येणाऱ्या पोरांनाही एक वाक्य ऐकवतो. पोरं हसतात. हसण्यासारखंच आहे, मिठाईवाल्यानं साखर कमी खा म्हणावं तसं.

किसनराव मशीन लावून आले तेव्हा मला वाटलं, आता तो माईक, मिक्सर सगळं काढायला आलेत. मी पाना हातात घेतलासुद्धा. ते म्हणाले, "वूफर काढा. मशीनमधी लई दणकतोय." वूफर काढला, अँप्लिफायर ठेवला. "आन् माईक?" मी विचारलं.

"माईक ऱ्हाऊ द्या."

"आता मशीन हाय ना? घरात ऐकू येत असंल."

"येतंय. पण घरात तिला काम असतंय. भांडं वाजतंय, कुणी येतंय, ती उठून जाती." त्यांनी गाडीच्या डाव्या सीटकडे बोट केलं. "गाडीत बसली की बसती."

गेल्या महिन्यात मी दुकानात बसलो होतो. बाजाराचा दिवस. समोर निंबाखाली ती पांढरी गाडी येऊन थांबली. वाटलं, काही काम निघालं असेल. वाट बघितली, कुणी उतरेना. आत डाव्या सीटवर गयाबाई होत्या आणि त्यांचं बोलणं चाललं होतं. नुसतं बोलणं नाही, चांगलं कडाकडा. एक हात डॅशबोर्डवर आपटत होत्या. किसनराव मध्येच काहीतरी म्हणाले, तसा त्यांनी हात उडवून तो मुद्दा खोडला. किसनरावांनी परत मांडला. त्या हसल्या, आणि लगेच पुन्हा रागावल्या.

काउंटरपाशी एक नवं गिऱ्हाईक उभं होतं. त्यानं तिकडं बघून विचारलं, "भाऊ, त्या गाडीचं काय बिघडलंय?"

"काय न्हाई," मी म्हणालो. "भांडून राह्यलेत. तुमचं बोला."